माझ्या नावावरचा आकडा

“मगदूम, तुम्ही आत्ता उभे आहात की बसलेले?”

फोनवर बाईंचा आवाज होता, अनोळखी. शनिवार होता, सकाळचे दहा वाजून गेले होते. फाउंड्रीतल्या माझ्या काचेच्या खोलीत मी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात त्या दिवसाच्या ओतकामाचा तक्ता धरून उभा होतो.

“उभा आहे. कोण बोलतंय?”

“मी डॉक्टर नाडगौडा. परवा तुमच्या कंपनीत तपासणीचं शिबिर झालं, त्याचे कागद माझ्यासमोर आहेत. आधी खाली बसा.”

मी बसलो.

“तुमचं ब्लडप्रेशर दोनशे दहा, एकशे सव्वीस आहे. आमच्या नर्स मुलीनं तीनदा मोजलंय, तिन्ही वेळा जवळपास तेवढंच. हे कागद मला परवाच बघायला मिळायला हवे होते, ते आज आले. डोकं दुखतं? नजर अंधुक होते? हाताला मुंग्या येतात?”

“नाही,” मी म्हणालो.

“सिगारेट?”

“ओढतो.”

“आता एकही नाही. नीट ऐका. जिना चढू नका. वजन उचलू नका. उंचावर जाऊ नका. भट्टीच्या धगीजवळ थांबू नका. कुणाला तरी सोबत घ्या आणि सरळ दवाखान्यात या. वेळेवर गोळ्या आणि विश्रांती मिळाली तर यातून माणूस चांगला सावरतो. नाही मिळाली तर मेंदूतली नस कधी फुटेल सांगता येत नाही. आज, उद्या, कधीही. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण तुम्ही घाबरायला हवं. त्यात वजन चौऱ्याण्णव किलो...”

माझं वजन तेव्हा एकसष्ट किलो होतं.

काचेतून समोरचा शेड दिसत होता. तीस फुटांवरच्या क्रेनच्या केबिनमधून एक माणूस बाहेर पडला आणि लोखंडी शिडीला पाठ करून, एका हातानं आधार घेत, सवयीनं भराभर खाली उतरायला लागला. चौऱ्याण्णव किलो वजन त्याचं होतं. दोनशे दहाही त्याचंच.

“येतो,” मी डॉक्टरांना म्हणालो आणि फोन ठेवला.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमची फाउंड्री होती आणि मी तिथे शिफ्ट सुपरवायझर होतो. वय अडतीस. त्याच साली टिकेकर साहेब नवे मॅनेजर म्हणून आले आणि त्यांनी सगळ्या सुपरवायझरांची तपासणी लावली. ज्याला बीपी किंवा साखर निघेल त्याला भट्टीवरून काढून स्टोअरमध्ये बसवायचं, असा नियम. माझं नाव असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी गेलं होतं. स्टोअरमध्ये गेलेला माणूस तिथून परत येत नसे.

पण एवढ्यापुरतं असतं तर मी प्रेशरचा पट्टा बांधायला दंड पुढे केला असता. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. एकोणपन्नासाव्या वर्षी फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता कोसळले, ते उठलेच नाहीत. मलाही वर्षभर सकाळी उठल्या उठल्या मान आणि डोक्याची मागची बाजू दुखायची. एकदा दात घासताना नाकातून रक्त आलं. बायकोला सांगितलं, उन्हाचं आहे. दिवसाला बारा सिगारेटी ओढत होतो. त्या कमी करायच्या सोडून मी आरशात नाक तपासत बसायचो. आकडा कळला नाही तोवर तो नसतो, असं काहीतरी मनात धरून मी दिवस काढत होतो.

म्हणून मी पैलवानाला गाठलं.

हिंदुराव पोवार त्याचं नाव, पण फाउंड्रीत सगळे पैलवानच म्हणत. आमचा क्रेन ऑपरेटर. वयानं माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. तरुणपणी तालमीत घुमलेला, कान मोडलेले, मान आणि खांदे एकाच दगडातून काढल्यासारखे. शिबिर फक्त सुपरवायझर आणि ऑफिसच्या लोकांसाठी होतं, तपासायला येणारी माणसं शहरातली, कुणाला ओळखत नव्हती. फाउंड्रीतला सगळ्यात निरोगी माणूस माझ्या नावावर बसला की माझा प्रश्न सुटत होता.

मला वाटलं होतं, तो आढेवेढे घेईल. तो लगेच म्हणाला, “बसतो की. त्यात काय. नाव आन् वय तेवढं सांगा.”

गुरुवारी तो धुतलेला शर्ट घालून कॅन्टीनमध्ये जाऊन बसला आणि अर्ध्या तासानं परत आला. “त्या पोरीनं तीनदा पट्टा बांधला वो,” म्हणाला. “आकडा इचारला तर म्हणती, डॉक्टर सांगतील. तीनदा कशाला बांधला असंल?”

“यंत्र बिघडलं असेल,” मी म्हणालो.

“रिपोर्ट आला की मला सांगा.”

शुक्रवारी त्यानं दोनदा विचारलं, रिपोर्ट आला का. मला वाटलं, माझी काळजी म्हणून विचारतोय.

आणि आता रिपोर्ट आला होता.

मी खोलीतून बाहेर पडणार तोच टिकेकर साहेब आत आले. जागरणानं त्यांचे डोळे तांबारलेले होते. परदेशी गिऱ्हाईकाची ऑर्डर होती, चौदा मोठे साचे, आणि मालाची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता दारात लागणार होती.

“मगदूम, ओतकाम किती वाजता सुरू करताय?”

“अकराला.”

“दोनपर्यंत चौदाही साचे भरलेले पाहिजेत. त्यानंतरचं माझ्यावर. क्रेनवर कोण?”

“पोवार.”

“दुसरा कुठाय?”

“गावच्या यात्रेला गेलाय. सोमवारी येईल.”

“म्हणजे पोवारशिवाय कुणीच नाही. त्याला चहा-बिहा पाजा आणि बसवा वर.” दारातून वळून ते म्हणाले, “आज काही गडबड नको. तुमच्या जागेचा कागद सोमवारी वर जाणार आहे.”

त्या दुसऱ्या ऑपरेटरच्या पायी पैलवान गेले नऊ दिवस दोन-दोन शिफ्ट करत होता. पाळीचा तक्ता मीच लावत होतो.

मी कॉम्प्रेसरच्या खोलीमागे गेलो. तिथे सिगारेट ओढायची आमची जागा होती. पैलवान आधीच तिथे उकिडवा बसला होता, ओंजळीत सिगारेट लपवून. त्याला हे व्यसन दोन-तीन वर्षांतलं. दुसऱ्या शिफ्टला झोप आवरत नाही म्हणून सुरू झालेलं. तालमीतल्या पोरांना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणून तो नेहमी अशी ओंजळीत धरायचा.

मला बघितल्याबरोबर तो उठला.

“साहेब, रिपोर्ट आला का वो?”

त्याचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. कपाळावरची शीर टरारून वर आली होती. हे रोजच असं होतं की आजच, ते मला सांगता येईना.

“तुम्हाला बरं नाही का?” मी विचारलं.

“डोस्कं जड झालंय सकाळपासनं. डाव्या हाताला मुंग्या आल्यागत व्हतंय. म्हटलं, तुमचा रिपोर्ट काय म्हणतोय बघावं आन् मग सुट्टी मागावी.”

माझ्या रिपोर्टाचा आणि त्याच्या सुट्टीचा काय संबंध, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. माझ्या डोक्यात दोन वाजत होते. अकरा ते दोन, तीन तास. खरं सांगितलं तर क्रेन थांबणार. क्रेन का थांबली, हे टिकेकर विचारणार. रिपोर्ट माझ्या नावावर कसा, हेही विचारणार. मग माझा दंड, माझा आकडा. आणि इतके दिवस तो असाच तर वर चढत होता. अजून तीन तास. दोन वाजता मी स्वतः त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेणार होतो. हे मी मनाशी पक्कं ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर मला हलकं वाटलं.

“आला रिपोर्ट,” मी म्हणालो. “एकदम नॉर्मल.”

“खरंच?”

“खरंच.”

“आकडा किती?”

“एकशे अठ्ठावीस, ऐंशी.”

“आईशप्पत?”

“आईशप्पत.”

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलेलो नाही. लहान पोराला सांगावं, तुझी आई बरी होऊन घरी आली, तसं काहीतरी. तो हसला, मोठ्यानं. माझ्या पाठीवर त्यानं थाप मारली. “एकशे अठ्ठावीस,” तो स्वतःशीच म्हणाला. “मग हे डोस्कं जागरणाचंच. दोन वाजता घरी जाऊन झोपतो बघा मुडद्यागत.” आणि त्यानं दुसरी सिगारेट पेटवली.

मीही पेटवली. तो ओढून झाल्यावर शिडीकडे गेला, आणि मी त्याला जाऊ दिलं.

अकराला ओतकाम सुरू झालं.

ज्यानं फाउंड्री पाहिली नाही त्याच्यासाठी सांगतो. भट्टीत लोखंड वितळतं, ते लॅडलमध्ये घेतात. लॅडल म्हणजे एक अवाढव्य बादली, आत माणूस बसू शकेल एवढी. ती क्रेनच्या आकड्याला टांगलेली असते. वर केबिनमध्ये बसलेला ऑपरेटर ती बादली शेडभर फिरवतो आणि एकेका साच्यावर आणून उभी करतो. खाली माणसं ती कलती करून लोखंड साच्यात ओततात. बादलीत दीड टन लोखंड असतं, पिवळं-पांढरं, डोळ्यांनी बघवत नाही असं. शेडच्या दुसऱ्या टोकाला, साच्याच्या पोकळीत बसवायचे वाळूचे गाभे घासायला बायका बसायच्या. त्या दिवशी सहाजणी होत्या.

मी नेहमी साच्यांजवळ उभा राहायचो. त्या दिवशी मी खांबापाशी उभा राहिलो. त्या खांबावर क्रेनचा मेन स्विच होता, लाल दांड्याचा.

पहिला साचा भरला. दुसरा. तिसरा. वर केबिनच्या काचेतून पैलवानाचं डोकं आणि खांदे दिसत होते. माझी मान अवघडली, पण मला नजर खाली घेववेना. लॅडल थोडी जरी डुलली तरी माझ्या तळहाताला घाम सुटायचा. एकदा तो केबिनमध्ये खाली वाकला, दिसेनासा झाला. मी स्विचच्या दांड्यावर हात ठेवला. तो पाण्याची बाटली उचलून वर आला आणि पाणी प्यायला.

इलेक्ट्रिशियन मुल्ला जवळ येऊन म्हणाला, “साहेब, असं का हुबारलाय? स्विचमध्ये काय लोच्या हाय का?”

“नाही. तू इथंच थांब.”

“झालंय काय?”

“थांब म्हटलं ना!”

सात साचे झाले तेव्हा साडेबारा वाजले होते. निम्मं काम. मी मनात म्हणत होतो, आता सातच राहिले. आता सहाच. नवव्या साच्यासाठी लॅडल भरून निघाली. ठरल्या जागी आली. खालच्या माणसानं थांबायची खूण केली.

लॅडल थांबली नाही.

संथपणे, काहीच झालं नाही अशा चालीनं, ती साच्यावरून पुढे गेली. खालचा माणूस ओरडला. दुसऱ्यानं शिट्टी मारली. लॅडल पुढेच निघाली, बायका बसल्या होत्या त्या दिशेनं. त्यांच्या कानाला फडकी बांधलेली होती आणि पाठी आमच्याकडे होत्या.

मी दांडा खाली ओढला.

खटकन आवाज झाला आणि अख्ख्या क्रेनला ब्रेक लागले. लॅडल मोठा हेलकावा घेऊन पुढे गेली, मागे आली. काठावरून लोखंड उसळलं आणि फरशीवर पडून ठिणग्यांचं झाड उठलं. एका बाईचा पदर पेटला, शेजारणीनं वाळूच्या मुठी मारून तो विझवला. सहाही जणी किंचाळत दाराकडे पळाल्या. लॅडल आणखी दोनदा हेलकावली आणि लटकत राहिली. सगळा शेड वर बघत होता.

केबिनच्या काचेत कुणीच दिसत नव्हतं.

क्रेन शेडच्या मधोमध अडकली होती आणि शिडी होती टोकाला. मी शिडी चढलो आणि वरच्या कठड्यावरून, एका हातानं पाइप धरून, भिंतीला घासत चालायला लागलो. फूटभर रुंदीची ती वाट होती. खाली बघायचं नाही म्हणत असताना मी खाली बघितलं. लॅडल थेट खाली होती आणि तिची धग तळपायांना लागत होती. डॉक्टरबाईंचा आवाज कानात होता, उंचावर जाऊ नका. माझं डोकं मागून ठणकत होतं. मला वाटलं, आता माझीच नस फुटणार आणि मी या बादलीत पडणार. मी रडत होतो, हे मला केबिनमध्ये शिरल्यावर कळलं.

पैलवान खुर्चीतून घसरून डाव्या अंगावर पडला होता. तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती. डोळे उघडे होते. मला बघून तो काहीतरी बोलला, ते कळलं नाही. तो परत बोलला.

“हात कुटं गेला माजा?”

त्याचा डावा हात त्याच्याच अंगाखाली दबला होता. मी तो ओढून बाहेर काढला आणि त्याच्या छातीवर ठेवला. त्यानं त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघितलं.

खालून टिकेकर ओरडत होते. लोखंड गोठायच्या आत लॅडल खाली टेकवणं भाग होतं, आणि पैलवानाला तातडीनं उतरवणंही. पण त्या अरुंद वाटेनं चौऱ्याण्णव किलोचा माणूस नेता येणार नव्हता. क्रेन टोकापर्यंत न्यायची तर चालवणारा एकच होता आणि तो माझ्या पायाशी पडला होता. पूर्वी कधीतरी गमतीनं त्यानं मला दोन-तीनदा रिकामी क्रेन चालवायला दिली होती. तेवढंच माझं ज्ञान.

मी खुर्चीत बसलो. दांडे धरले.

“मुल्ला, स्विच टाक!” मी ओरडलो.

“शू...” पैलवान खालून म्हणाला. “शू...न्य.”

मला कळेना.

त्यानं उजवा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला आणि दांडा मागे सारला. मग मला समजलं. दांडे अजून पुढे होते. तसेच ठेवून वीज आली असती तर भरलेली लॅडल झटक्यानं निघाली असती. मी सगळे दांडे शून्यावर आणले.

“थांब, मुल्ला! हं, आता!”

वीज आली. पैलवानाचा हात माझ्या मनगटावरच होता. मी दांडा जास्त ढकलला की तो बोटं आवळायचा, थांबलो की ढिली करायचा. त्याला माझ्याकडे बघता येत नव्हतं, खाली बघता येत नव्हतं, फक्त मोटरचा आवाज ऐकू येत होता, आणि त्या आवाजावरून तो मला चालवत होता. वाळूच्या खड्ड्यावर लॅडल आली. हळूहळू खाली गेली. टेकली. मग मी क्रेन टोकाला नेली. शिडीच्या वरच्या फळीशी केबिन लागली तेव्हा त्यानं बोटं सोडली.

चौघांनी त्याला दोराच्या झोळीत घालून उतरवला. मी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो. तिथं मोजलं तेव्हा प्रेशर दोनशे तीस होतं.

पैलवान वाचला. डावा हात आणि डावा पाय मात्र गेले. पाय पुढे काठीवर टेकवण्याइतका सुधारला, हात सुधारला नाही.

सोमवारी टिकेकर साहेबांनी सगळ्या कामगारांसमोर माझं कौतुक केलं. मगदूम स्विचपाशी नसते तर आज सहा बायका आपल्यात नसत्या, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुल्लानं वाजवल्या नाहीत. तो माझ्याकडे बघत होता. दवाखान्यात पैलवानाची बायको शालन माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकली, मी मागे सरलो.

मी त्या दिवसांत झोपत नव्हतो. डोळा लागला की लॅडल संथपणे पुढे यायची. अठरा दिवसांनी मी टिकेकरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. शिबिरातलं, फोनचं, कॉम्प्रेसरमागचं. त्यांनी ऐकून घेतलं, मग उठून दार लावलं.

“हे तुम्ही मला सांगितलेलं नाही,” ते म्हणाले. “आणि मी ऐकलेलं नाही. नऊ दिवस दोन शिफ्टचं कागदावर आलं तर तुम्हीच काय, मीही इथं राहत नाही.” त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला होता. बोटं पांढरी पडली होती. तेही भ्यालेले होते.

मी राजीनामा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि तसाच पैलवानाच्या घरी गेलो.

दोन खोल्यांचं घर होतं. पैलवान खाटेवर तक्क्याला टेकून बसला होता. अंग उतरलं होतं, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. शालन वहिनी आत चहा टाकत होत्या.

“या, साहेब,” तो म्हणाला. शब्द जड होते, पण आता कळत होते.

मी खुर्चीवर बसलो आणि लगेच बोलायला लागलो, कारण थांबलो असतो तर बोललो नसतो. डॉक्टरांचा फोन शनिवारी दहालाच आला होता, हे सांगितलं. खरा आकडा सांगितला. एकशे अठ्ठावीस मी मनानं बनवला होता, हेही सांगितलं. सांगताना मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होतो. मला वाटत होतं, तो हात आता उठेल आणि माझ्या नरड्यावर येईल. तो यावा असंच मला वाटत होतं.

त्यानं उजव्या हातानं डावा हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाला, “मला म्हाईत हुतं.”

“काय?”

“प्रेशर हाय ते. दोन वर्सं झाली. गावातल्या डॉक्टरनं गोळी दिलती. कंपनीत कळलं तर क्रेन जाईल, म्हणून कुणाला बोललो न्हाई. हिलाबी न्हाई.” आतल्या खोलीतली भांड्यांची हालचाल थांबली होती. “गोळी लागू पडलीया का न्हाई, ते कसं कळायचं? आपल्या नावानं मोजाय जायची भीती. लिहून ठेवत्यात. तेवढ्यात तुमी म्हणालासा, माज्या नावावर बस. म्हटलं, देवच पावला. नाव तुमचं, आकडा माजा. कुणाला पत्ता न्हाई.”

तो का एवढ्या लवकर हो म्हणाला होता, का दिवसातून दोनदा रिपोर्ट विचारत होता, माझ्या रिपोर्टावर त्याची सुट्टी का अडली होती, ते मला आत्ता कळत होतं. कॉम्प्रेसरच्या खोलीमागे त्यानं स्वतःच्या जिवाचं विचारलं होतं. आणि मी त्याला आईशप्पत घेऊन सांगितलं होतं, नॉर्मल.

“हात झिणझिणत हुता,” पैलवान म्हणाला. “मी ठरवून आल्तो, आकडा वर असला तर घरला जायचं. क्रेन गेली तर गेली. तुमी एकशे अठ्ठावीस म्हणालासा...”

तोंडाची उजवी बाजू वेडीवाकडी झाली. तो रडत होता, अर्ध्या चेहऱ्यानं.

शालन वहिनी दारात उभ्या होत्या. हातात चहाचा कप होता. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. त्या पुढे आल्या आणि कप त्यांनी माझ्या हातात दिला.

“चहा घ्या,” त्या म्हणाल्या. “आन् परत येऊ नका.”

मी चहा प्यायलो. कप भरलेला ठेवून उठायची हिंमत नव्हती. पैलवानानं भिंतीकडे तोंड केलं होतं. मी उठलो तरी त्यानं वळून बघितलं नाही.

मी पायांत चपला घालत असताना शालन वहिनी उंबऱ्यापर्यंत आल्या. आवाज अगदी हळू होता, आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये असा.

“एक सांगा मला. त्या दिवशी दहा वाजता तुमी खरं सांगितलं असतासा, तर ह्यांचा हात ऱ्हायला असता का?”

दवाखान्यातल्या डॉक्टरांना हे मी विचारलेलं होतं. नक्की सांगता येत नाही, असं म्हणून मला तिथून निघता आलं असतं. तोंडापर्यंत ते आलंही होतं.

“होय, वहिनी,” मी म्हणालो. “डॉक्टर म्हणाले, बहुतेक राहिला असता.”

त्यांनी मान हलवली. पदरानं तोंड पुसलं.

“बरं झालं सांगितलासा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून घेतलं.